गाणं लावलं की सीट गार

मिनेसोटात जुनी गाडी घेणारे लोक खाली वाकून गंज बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. मी त्याआधी सीट गरम होते का ते बघितलं. इथे जानेवारीत सकाळी उणे वीस सेल्सियस ही काही बातमी नसते. गाडीचा नेहमीचा हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो, म्हणजे इंजिन तापेपर्यंत तो गार वाराच फेकत राहतो, आणि इंजिन तापतं तोवर माझं ऑफिस येतं. सीटमधल्या तारेला इंजिनाशी देणंघेणं नाही. बटण दाबलं की थोड्याच वेळात पाठीला ऊब. त्यात यंदा सांगलीहून आई आलेली, निम्मा हिवाळा इथेच काढणार, आणि तिची कंबर धरलेली. तिच्या लेखी ही सोय म्हणजे चालत्या गाडीत शेक.

गाडी २००६ची, जर्मन बनावटीची स्टेशन वॅगन. गिअर हाताने टाकायचे, दीड लाख मैलांच्या वर पळालेली. विकणारा तरुण मुलगा ॲरिझोनाला निघाला होता, तिथे त्याला ना सीट गरम करायची होती ना वॅगन हवी होती. ऑक्टोबरातल्या एका उबदार दुपारी त्याने दोन्ही सीटची बटणं दाबून दाखवली. दिवे लागले. मूळचा रेडिओ काढून त्याने टचस्क्रीनचा कुठलासा स्वस्त स्टिरिओ बसवला होता, शेजारच्या सीटखाली ॲम्प्लिफायर आणि डिकीत अर्धी जागा खाणारा सबवूफर, म्हणजे खर्जाचे आवाज काढणारा मोठा स्पीकर. 'सगळं चालतं,' म्हणाला. चालत होतंही, त्या दुपारी.

थंडी पडली तशा तक्रारी सुरू झाल्या. ड्रायव्हरच्या सीटचं बटण दाबलं की दिवा लागायचा आणि दोन सेकंदांत विझायचा, सीट गारच. शेजारची सीट तापायची, पण मधूनच बंद पडायची. स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढायची. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सेल्फ घेईना. मी या सगळ्याची वेगवेगळी यादी करत होते. दुवा आईने सापडवून दिला. ग्रोसरीला जाताना शांतपणे म्हणाली, "अगं, तू गाणं लावलंस की माझी सीट गार पडते. बंद केलंस की परत होते गरम."

हे ऐकायला विचित्र वाटतं. म्हणून मी रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून करून बघितलं. बारीक आवाजात बातम्या: सीटचा दिवा लागलेला. पुण्याच्या मिरवणुकीतलं ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग मोठ्याने: काही सेकंदांत दिवा गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. ताशा एकटा वाजत असेल तर काही होत नव्हतं, ढोल पडला की जायचा.

त्याआधी एका गॅरेजला गाडी दाखवली होती. त्यांनी संगणक लावला आणि दोन्ही सीटच्या हीटिंग मॅट आणि कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे सीटचं तापणं सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, बदला असं सांगितलं. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला भिडत होता. ढोलाचा आणि मॅटचा काय संबंध, याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. मी मामांना फोन लावला.

मामांचं सांगलीत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. आता बसतात मुलगे, पण व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर अजून त्यांच्याच खिशात असतो. इथे रात्रीचे आठ वाजले की तिकडे सकाळचे साडेसात, मामांचा चहा झालेला असतो. गरम होणारी सीट त्यांनी कधी उघडलेली नव्हती.

"सीट गरम करायला पैसे कशाला द्यायचे? आमच्याकडं मे महिन्यात फुकट होतीय."

"मामा, इथं उणे वीस आहे."

"बरं. मग शेगडीच की ती. शेगडीला काय लागतं? करंट जायला वाट आणि माघारी यायला वाट. जायची वाट सगळे बघत्यात, फ्यूज बघत्यात, स्विच बघत्यात. माघारी यायची कोण बघत नाही. तू आधी अर्थिंग बघ."

"दोन्ही सीटचं?"

"गाणं लावल्यावर काय होतंय त्याचं. आणि काही विकत आणू नकोस, आधी मीटर लाव."

मामांचं 'शेगडी' म्हणणं अगदी बरोबर होतं. सीटच्या कापडाखाली किंवा लेदरखाली एक पातळ मॅट असते, तिच्यात नागमोडी बसवलेली रोधक तार, नाहीतर कार्बनचे धागे. बैठकीत एक आणि पाठीत एक. माझ्या गाडीत या दोन्ही एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणजे बैठकीतली तार तुटली की पाठही गार. दोन्ही मिळून रोध साधारण अडीच ओहम. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्ट मिळाले तर साडेपाचच्या आत अँपिअर आणि सत्तरेक वॅट. मॅटच्या मधोमध एक तापमानाचा सेन्सर असतो, तापेल तसा त्याचा रोध उतरतो आणि त्यावरून मॉड्यूल करंट चालू-बंद करतं. कल्पना नवी नाही. कॅडिलॅकने १९६६मध्ये हा पर्याय दिला होता, आणि साब या स्वीडिश कंपनीने १९७१पासून ड्रायव्हरची सीट तापवायला सुरुवात केली. स्वीडनचा हिवाळा बघता त्यांना ते सुचणं साहजिकच होतं. या साध्या शेगडीला पुढे अक्कल दिली गेली. माझ्या गाडीच्या वयाच्या युरोपीय गाड्यांत व्होल्टेज पडलं की गाडी स्वतःहून चैनीच्या गोष्टी बंद करते, म्हणजे सीट, मागच्या काचेचा हीटर, आरसे. बॅटरी वाचली तर इंजिन चालेल, तुमची पाठ गार पडली तरी चालेल, असा तिचा हिशेब. ड्रायव्हरचा दिवा दोन सेकंदांत विझत होता, कारण मॉड्यूलला पुढे तारच सापडत नव्हती. शेजारचा दिवा विझत होता तो व्होल्टेज पडल्यामुळे. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसत होते. मुळात त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

मी बॅटरीपासून सुरुवात केली. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.२ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे जेमतेम निम्मी भरलेली. पूर्ण भरलेली असती तर १२.६च्या पुढे दिसली असती. इथल्या बॅटऱ्यांवर थंडीत सेल्फ फिरवायची ताकद लिहिलेली असते, ती उणे १८ सेल्सियसला मोजलेली. त्या तापमानाला शिशाच्या बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, म्हणजे निम्म्याचंही निम्मं हातात. शेजारच्या निवृत्त आजोबांनी त्यांचं गरम गॅरेज आणि चार्जर दिला. गरम गॅरेज ही इथे मोठी देणगी आहे, फक्त बोटांसाठी नव्हे. थंडीत डॅशबोर्डचं जुनं प्लॅस्टिक इतकं ठिसूळ होतं की पट्टी काढायला गेलं की क्लिपा मोडतात. ज्यांना बाहेरच काम करावं लागतं त्यांनी आधी अर्धा तास गाडी चालू ठेवून आतलं सगळं तापवून घ्यावं.

बॅटरी चार्जरवर पुरी भरली. म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती, तिला कोणीतरी रात्री पीत होतं.

हे मोजायची पद्धत सोपी आहे, पण धीराची. बॅटरीची ऋण वायर सोडवायची आणि मध्ये मीटर जोडायचा, दहा अँपिअरच्या भोकात. बॉनेट उघडं असलं की गाडी जागी राहते, म्हणून बॉनेटच्या कुलपाचं बोट स्क्रू ड्रायव्हरने दाबून ते बंद आहे असं गाडीला भासवायचं. ड्रायव्हरच्या दाराचंही तसंच. (दोन्ही परत उघडायला विसरून झाकण आपटलं तर कुलूपच वाकतं.) मग गाडीला कुलूप लावून चहा प्यायला जायचं. सगळी मॉड्यूलं झोपी जायला अर्धा तास लागू शकतो. या काळात कुणीही किल्ली फिरवू नये, नाहीतर मीटरमधला फ्यूज उडतो. माझ्या गाडीचा आकडा आधी सहा-सात अँपिअर होता, मग उतरत उतरत ०.९वर थांबला आणि तिथेच बसून राहिला. झोपलेल्या गाडीने ०.०५ अँपिअरच्या आत असायला हवं.

०.९ ऐकायला किरकोळ वाटतो. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ साठ तास धरले तर चोपन्न अँपिअर-तास होतात, आणि बॅटरीच सत्तरची. सोमवारी सेल्फ का घेईना, त्याचा हा हिशेब.

चोर शोधायला लोक एकेक फ्यूज उपटत सुटतात. या गाड्यांत तसं केलं की झोपलेलं एखादं मॉड्यूल जागं होतं आणि आकडा भलतंच सांगतो. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट बघावेत. करंट जात असेल तर काहीतरी दिसतं, नसेल तर शून्य. फ्यूजच्या पेटीत कुठेच काही दिसलं नाही. राहिली बॅटरीच्या धन टोकावरून निघालेली, बोटाएवढी जाड लाल केबल, ॲम्प्लिफायरची. तिला बॅटरीजवळ फ्यूज होता. एवढं एक काम त्या मुलाने नीट केलं होतं. तो काढला आणि मीटर ०.०३वर आला.

मग स्टिरिओ बाहेर काढला. मागे जे दिसलं ते बघून मी मामांना थेट व्हिडिओ कॉल लावला. पाच-सहा वायरी नुसत्या पिळून वर टेप मारलेली. टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळून चिकट झालेला. पिवळी आणि लाल एकत्र बांधलेली, आणि त्याच गाठीत ॲम्प्लिफायर चालू करणारी वायरही. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे काम आमच्या दुकानात कुणी केलं असतं तर त्याला मी चहा आणायला ठेवलं असतं."

त्या मुलाच्या बाजूने एक सांगायला हवं. बाजारातल्या स्टिरिओला पिवळी वायर कायमच्या बारा व्होल्टची लागते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल वायर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या बारा व्होल्टची. काळी अर्थची, आणि निळी-पांढरी ॲम्प्लिफायरला 'ऊठ' सांगणारी. जुन्या गाड्यांत रेडिओच्या मागे या सगळ्या मिळायच्या. या गाडीत लाल वायरीला जोड द्यायला काही नाहीच. किल्ली फिरवल्याचा निरोप मूळ रेडिओला कॅन बसवरून, म्हणजे गाडीतली मॉड्यूलं एकमेकांशी बोलतात त्या दोन बारीक वायरींतून, आकड्यांच्या रूपात जातो. तो वाचून बारा व्होल्ट तयार करणारी एक छोटी पेटी मध्ये बसवावी लागते. ती न घेता त्याने लाल आणि पिवळी बांधली, आणि ॲम्प्लिफायरही त्यातच टाकला. स्टिरिओची निळी-पांढरी तशीच लोंबत होती. त्यामुळे ॲम्प्लिफायर रात्रंदिवस जागा.

हे झालं बॅटरीचं. पण ढोल पडला की सीट का विझते, ते अजून बाकी होतं. आता बॅटरी भरलेली, इंजिन चालू असताना तिच्यावर १३.९ व्होल्ट, तरी ढोल लावला की दिवा जातच होता. म्हणजे बॅटरीवर व्होल्टेज पडत नव्हतं, सीटच्या मॉड्यूलपर्यंत पोचताना पडत होतं.

ॲम्प्लिफायरची काळी केबल शेजारच्या सीटखालून कार्पेटमध्ये शिरत होती. दाराच्या पट्टीच्या क्लिपा सोडवून कार्पेट उचललं तर खालचा फोम ओला. इथे रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते बुटांना लागून आत येतं, चटईखाली जातं आणि सगळा हिवाळा तिथेच मुरतं. त्या ओलाव्यात बॉडीला वेल्ड केलेला एक बोल्ट होता, कंपनीने ठरवलेला अर्थचा, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे माघारी जायची वाट. त्याच्यावर सीटच्या मॉड्यूलची तपकिरी वायर, आणि तिच्यावर त्या मुलाने ॲम्प्लिफायरचं थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं कडं, चढवलेलं. थिंबल हिरवं पडलेलं, नट गंजलेला, मध्ये पांढरा थर.

नुसता रोध मोजला तर मीटर म्हणतो जोडणी उत्तम आहे, कारण मीटरचा करंट नगण्य असतो. खरं दिसतं लोड टाकल्यावर. एक लांब वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, मीटरचं एक टोक तिला आणि दुसरं त्या थिंबलला. अर्थ नीट असेल तर इथे जवळपास शून्य यायला हवं, फार तर ०.१. फक्त शेजारची सीट चालू केली: ०.३. ढोल लावला: प्रत्येक ठोक्याला १.५, १.६. ॲम्प्लिफायर ठोक्यागणिक वीस-पंचवीस अँपिअर ओढत होता आणि ते सगळं त्या सडक्या बोल्टमधून माघारी जायला धडपडत होतं. तेवढे व्होल्ट तिथेच जळत होते. सीटच्या मॉड्यूलला वाटत होतं की गाडीची बॅटरी बसत चालली आहे, आणि ते शहाण्यासारखं शेगडी बंद करत होतं. मॉड्यूल उत्तम काम करत होतं. ज्या गॅरेजने ते बदलायला सांगितलं, तिथे हे आकडे नेऊन दाखवावेत असं एकदा मनात आलं, पण गेले नाही.

स्पीकरमधल्या शिट्टीचंही उत्तर तिथेच होतं. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे, ॲम्प्लिफायरचा अर्थ या बोल्टवर, आणि दोन्हींमध्ये व्होल्टभराचा फरक. तो फरक आवाजाच्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो, आणि अल्टरनेटरची भणभण सोबत घेऊन स्पीकरपर्यंत येतो. म्हणूनच इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ती चढत होती. यावर बाजारात एक नॉइज फिल्टर मिळतो. अर्थ दुरुस्त न करता तो लावणं मला पटलं नाही.

ॲम्प्लिफायर आणि सबवूफर काढून टाकले. मला दोन्ही नको होते. बोल्ट वायरब्रशने आणि पॉलिशपेपरने धातू दिसेपर्यंत घासला, मॉड्यूलच्या वायरीला नवं थिंबल दाबून बसवलं, खाली दातेरी वॉशर, वर नवा नट आणि त्यावर ग्रीस. फोम सुकायला मात्र वेळ लागला, आजोबांचा पंखा त्याच्यावर सोडून द्यावा लागला. नंतर तेच मोजमाप ०.०३ आलं. शेजारची सीट त्या दिवसापासून मधे विझलेली नाही. नव्या भागाचा खर्च एक थिंबल, एक वॉशर, एक नट.

ड्रायव्हरच्या सीटमध्ये मात्र खरोखर तार तुटली होती. सीटखालचा प्लग काढून मीटर लावला, पाठीची मॅट ठीक, बैठकीची उघडी. सेन्सर चांगला होता, त्यावर तळहात ठेवला की आकडा उतरत होता.

इथून पुढचं काम करताना एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. सीटच्या बाजूला एअरबॅग असते आणि तिचा प्लग पिवळा असतो. बॅटरी सोडवायची, काही मिनिटं थांबायचं, मगच तो काढायचा, आणि परत जोडेपर्यंत बॅटरी लावायची नाही. शेजारच्या सीटच्या बैठकीत माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सरही असतो, आणि त्यावर समोरची एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. ती सीट उसवायचं काम असतं तर मी हात लावला नसता. ड्रायव्हरच्या बैठकीत ती भानगड नव्हती.

सीट चार बोल्टांवर असते. उचलायला मात्र दोन माणसं लागतात. खाली सुटी नाणी, लिप बाम, वाळलेले फ्रेंच फ्राइज आणि ॲरिझोनाच्या नकाशाचा तुकडा निघाला. लेदरचं कव्हर फोमच्या खाचांमध्ये धातूच्या कड्यांनी ओढून बसवलेलं असतं. त्या कड्या पक्कडीने एकेक सोडवत जायचं. मॅट दिसली तेव्हा डाव्या कडेला, गाडीत शिरताना पहिला भार जिथे पडतो तिथे, रुपयाएवढा तपकिरी डाग होता आणि तार तिथेच तुटलेली.

यावर तुटलेली टोकं दाबाच्या नळीने, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत घालून ती पक्कडीने दाबून, जोडायचा एक प्रचलित उपाय आहे. तुकडा स्वच्छ तुटलेला असेल तर मलाही तो मान्य आहे. सोल्डर त्या तारेला धड धरत नाही आणि धरलं तरी तिथे ती कडक होऊन पुन्हा मोडते, म्हणून नळीच बरी. पण डाग पडला होता म्हणजे तिथे आधी ठिणगी उडालेली होती. काही लोक तुटका भाग वगळून जवळची दोन वळणं परस्पर जोडतात. त्याने तार आखूड होते, रोध घटतो, करंट वाढतो आणि उरलेली तार जास्त तापते. आणि सेन्सरला बगल देऊन सरळ स्विचवर मॅट चालवणारे महाभाग तर वेगळेच. आईला मधुमेह आहे, पायांची जाणीव कमी झालेली आहे. अशा माणसाला सीट जास्त तापलेली कळत नाही, आणि चटका बसून जखम झालेली घरी गेल्यावर दिसते. मामांनी तर फोटो बघून एका वाक्यात विषय मिटवला: "जळलेल्या तारेला जोड द्यायचा नाही."

नवी मॅट मागवली, फक्त बैठकीची. भंगार यार्डातून अख्खी सीट आणायचा पर्याय होता आणि स्वस्त होता, पण तिथल्या सीटची मॅटही तितकीच म्हातारी. नवी मॅट बसवताना तिला घडी पडू द्यायची नाही आणि कव्हर ओढायच्या खाचांमध्ये तार येऊ द्यायची नाही, एवढंच पथ्य. कव्हर परत ओढून कड्या दाबणं हे या सगळ्यातलं सर्वांत अंगमेहनतीचं काम. लेदर आधी हेअर ड्रायरने तापवलं तर थोडं ऐकतं. डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिलीच. बसल्यावर दिसत नाही.

स्टिरिओचं उरलेलं काम त्यामानाने सुखाचं. त्या मुलाचा स्टिरिओ मी ठेवला नाही, स्क्रीन स्पर्शाला उशिरा जागी व्हायची आणि थंडीत तर जागीच व्हायची नाही. मला हवं होतं ते थोडकं: फोनचा नकाशा समोर दिसावा, फोन हातात न घेता बोलता यावं, आणि मागचा कॅमेरा. अमेरिकेत मे २०१८पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, पण माझी गाडी त्याच्या बारा वर्षं आधीची. वॅगनच्या मागच्या काचेवर बर्फ बसला की मागे भिंत आहे की पोर, काही कळत नाही. डॅशबोर्डमधली जागा डबल डिनची, म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटर. हे माप ठरलेलं असल्यामुळे वीस वर्षांच्या गाडीतही आजचा स्टिरिओ बसतो. नव्या गाड्यांत स्क्रीन डॅशबोर्डचाच भाग झाल्यापासून ही सोय जवळपास संपली आहे.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यांना मी किंमत देत नाही. चार गुणिले पन्नास असं लिहिलेलं असतं. साधारण चौदा व्होल्टवर आणि चार ओहमच्या स्पीकरवर आतल्या ॲम्प्लिफायरमधून दर चॅनलला वीस-पंचवीस वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघूच शकत नाही, हे साध्या गुणाकारातून कळतं. गाडीचे मूळचे स्पीकर शाबूत होते आणि तेवढ्या वॅटला पुरेसे होते. लोक स्पीकर आधी बदलतात. मी म्हणेन, आधी वायरी नीट करा आणि मग आठवडाभर ऐका.

सगळ्या जोडण्या टेबलावर, घरात बसून केल्या. गाडीच्या प्लगला बसणारा अडॅप्टर, कॅनची पेटी, स्टिअरिंगवरच्या बटणांची वायर, सगळं रंगाला रंग जुळवून, दाबाच्या नळ्यांनी जोडून, वर आकसणारी नळी तापवून. आई समोर भाजी निवडत होती. वायरींचा तो गुंता बघून म्हणाली, "मामाकडं लहानपणी सुट्टीत जायचीस ते वाया नाही गेलं." गाडीत नंतर फक्त प्लग लावायचे राहिले.

रेडिओचा अँटेना मात्र वेगळा विषय निघाला. या वॅगनचा अँटेना मागच्या काचेत छापलेला आहे आणि त्याच्याजवळ एक छोटा ॲम्प्लिफायर आहे. त्याला बारा व्होल्ट मूळ रेडिओकडून अँटेनाच्या केबलमधूनच मिळायचे. बाजारातला स्टिरिओ ते देत नाही. त्यासाठी वीज आत सोडणारा वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो आणि त्याची निळी वायर स्टिरिओच्या निळ्या वायरीला लावावी लागते. तो लावल्यावर ९१.१वरचं मिनेसोटा पब्लिक रेडिओचं बातम्यांचं स्टेशन शहराबाहेरही स्वच्छ येऊ लागलं. आधी ते घरापासून थोडं लांब गेलं की खरखरायचं, आणि मी दोष स्टेशनच्या अंतराला देत होते.

कॅमेऱ्याची वायर डिकीच्या दाराच्या रबरी नळीतून ओढताना बोटं सोलली. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शेवटी गाडी पुन्हा झोपवून मीटर लावला. चहा झाला, आकडा ०.०३वर. मग पार्किंगमध्ये जाऊन तीच परीक्षा: दोन्ही सीट पूर्ण तापमानावर, मागच्या काचेचा हीटर चालू, आणि ढोल-ताशा. दोन्ही दिवे लागलेले राहिले. मामा व्हिडिओवर होते, त्यांना सीटपेक्षा ढोलातच रस. "आता आवाज कमी वाटतोय," म्हणाले. सबवूफर काढलाय, असं सांगितल्यावर त्यांनी तो किती वॅटचा होता ते विचारलं, आणि नातवाच्या गाडीसाठी येताना घेऊन ये असंही.

तो विमानात नेणं शक्य नाही, म्हणून विकायला काढलाय. स्टिअरिंगवरचं 'पुढचं गाणं'चं बटण अजून आवाज वाढवतं. कॅनच्या पेटीत त्याचा एक बारीक स्विच आहे, त्यासाठी स्टिरिओ पुन्हा बाहेर काढावा लागेल. ते मी एप्रिलवर ढकललंय.